त्या रविवारचं घोटभर पाणी

प्रिय पमे,

आज सकाळी तुझ्या वैशूला गाडीत बसवून आले आणि तशीच कागद घेऊन बसले. शिलाई मशीनवर एक ब्लाऊज अर्धा पडलाय, बाई संध्याकाळी न्यायला येईल. येऊ दे. तू जाऊन दहा महिने झाले. एवढ्या दिवसांत मनातल्या मनात तुझ्याशी रोज बोलले, पण एका गोष्टीपाशी आले की जीभ अडायची. काल ती गोष्ट मी वैशूला सांगितली. लेकीला सांगितली आणि आईला नाही, असं कसं चालेल? म्हणून हे पत्र.

हसू नकोस. कागदावर मी अशीच लिहिते, तुला ठाऊक आहे. तुझ्या वैशूच्या शाळेचे अर्ज मी लिहायची तेव्हा तू शेजारी बसून टोमणे मारायचीस, "तोंडानं वऱ्हाडी आन कागदावर पुन्याची! याच्यातली कोन्ती रत्नी खरी व?" दोन्ही खऱ्या, बाई. सातवीत शाळा सोडून लग्नाला उभी राहिली नसतीस तर तूही अशीच लिहिली असतीस. मराठीत तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आज सांगते.

आपलं जानेफळ सोडून मी देऊळगाव राजाला सून म्हणून आले तेव्हा तू इथंच दिलेली आहेस हे माझ्या डोक्यातही नव्हतं. लग्नाला आठवडा झाला असेल. सासूबाईंच्या मागं मान खाली घालून बाजारात चालले होते. आमच्या घरात सगळे 'मला-तुला' बोलणारे. मी तोंड उघडलं की नणंदा हसायच्या, म्हणून मी तोंडच उघडत नव्हते. आणि तेवढ्यात वांग्यांच्या ढिगामागून आवाज आला, "तुले काय पायजे व?" मी गर्रकन वळले. कडेवर पोर, कपाळावर घाम, आणि समोर तू! सासूबाई बघत राहिल्या आणि आपण दोघी भर बाजारात गळ्यात पडून रडलो. त्या दिवशी तू पिशवीत किती वांगी भरलीस! आमच्याकडे चार दिवस दुसरी भाजी झाली नाही.

पुढची तीस वर्षं तशीच गेली. तुझ्या मळ्यातली भाजी माझ्या घरात, माझ्या हातचे ब्लाऊज तुझ्या अंगावर. त्यात विशेष असं काही नव्हतं. विशेष झालं ते आमचे हे गेल्यावर.

यांच्या तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग एकेक जण गेला. मुलगा पुण्याला चल म्हणाला, मी नाही म्हणाले. आणि नंतर मी काय केलं? काहीच नाही. सकाळी उठायचं, यांच्या खुर्चीकडे बघत बसायचं. वेणी नाही, चूल नाही. शेजारणीनं ताट आणलं तर ते तसंच झाकलेलं राहायचं. सांत्वनाला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "धीर धर." धीर कुठं धरायचा असतो, हे कुणी सांगेना.

तू धीर धर म्हणाली नाहीस. तू एका सकाळी मेथीचं हे एवढं गाठोडं आणून माझ्या बैठकीत ओतलंस.

"जुड्या बांधू लाग. माहे हात पुरून नाई राह्यले."

"पमे, मले नाई होत."

"नको बांधू. मेथी सुकन, अथीच पडून राहीन. मी नाई उचलत."

आणि खरंच खाली बसून बांधायला लागलीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी किती वेळ तशीच बसले कुणास ठाऊक. मग एक जुडी बांधली. तू ती सोडलीस आणि म्हणालीस, "ढिली झाली. पुन्यांदा बांध." मला इतका राग आला! यांना जाऊन महिना नव्हता झाला आणि ही बया माझी जुडी सोडते! त्या रागानं मी वीस जुड्या बांधल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कशाचा तरी राग आला होता.

दुसऱ्या दिवशी कोथिंबीर. तिसऱ्या दिवशी पालक. पंधरा-वीस दिवसांनी म्हणालीस, "आज भाकर टाक. सकाळपासून भुकी हाय मी." मी परात काढली, पीठ मळलं, दोघींसाठी थापल्या. तू दीड भाकर खाल्लीस आणि मला अडीच खायला लावलीस. पुढच्या आठवड्यात एक कापड आणलंस, "मशीनवरची धूळ झाड आन माहा ब्लाऊज शिव." असं करत करत तू मला पुन्हा माणसांत आणलंस.

तुला वाटलं असेल मला कळलं नाही. अगं, भाऊजींनी, तुझ्याच नवऱ्यानं, नंतर सांगितलं. तुझ्या मळ्यात जुड्या बांधायला दोन बाया होत्या, हात पुरत नव्हते ही शुद्ध थाप! रत्नीला काम पाहिजे म्हणून तू बांधलेली भाजी सोडून आणायचीस आणि त्यासाठी तास-दीड तास आधी उठायचीस. पमे, बांधलेल्या जुड्या सोडून? आधी सांगितलं असतंस तर मी... नाही, आधी सांगितलं असतंस तर मी बांधल्या नसत्या. तू मला बरोबर ओळखून होतीस.

मग मी तुला का नाही ओळखलं वेळेवर?

एका दिवाळीच्या आधी तुझं माप घेत होते. दंडाला टेप लावला, काढला, तर टेपचा वळ तसाच. बोटानं दाबलं तर खळी पडली आणि भरेना. बांगड्या मनगटात रुतलेल्या. चेहरा सुजलेला आणि तुला मात्र वाटत होतं तू जाड झालीस! मी टेप गळ्यात तसाच ठेवून तुला डॉक्टरांकडे ओढत नेलं. "काऊन ओढून राह्यली? वांगे तोडाचे हायेत अजून," असं तू रस्ताभर बडबडत होतीस.

किडन्या बहुतेक संपल्या होत्या. बीपी किती वर्षांचं, ते तुलाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या घेता का? तू खाली बघितलंस. गुडघ्यांसाठी म्हणून वर्षानुवर्षं रोज एक, कधी दोन गोळ्या. मनानंच! आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस. माझी भाकर मोजणारी तू, स्वतःच्या गोळ्या लपवत होतीस. या एका गोष्टीसाठी मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे.

मग सुरू झालं आपलं सोमवार-गुरुवार. सहाची जालन्याची गाडी, दवाखाना, चार तास डायलिसिस, परत. भाऊजींना मळा सोडता येत नव्हता, वैशू नाशिकला. मी म्हटलं, माझे हूक आणि बटणं कुठंही लावून होतात. तुझ्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून मी किती ब्लाऊजांना हूक लावले! त्या दोन सिस्टर बघून बघून इतक्या भुलल्या की त्यांनीही कापड आणून दिलं. आणि तू पलंगावर पडल्या पडल्या त्यांना सांगायचीस, "गळा मोठा शिवाले सांगू नोका, हिले लाज वाटते."

डायलिसिससाठी तुझ्या डाव्या हातात रक्तवाहिनी जोडून दिली होती ना, तिथं बोट ठेवलं की आत काहीतरी थरथरायचं. पहिल्यांदा तू माझा हात धरून तिथं ठेवलास. "पाह्य, भुंगा बसला व माह्या हातात." मी घाबरून हात काढला आणि तू खो खो हसलीस. नंतर मला त्याची सवयच लागली. गाडीत बसलो की आधी तुझा भुंगा बघायचा, गुणगुणतोय ना, मग तिकीट.

आणि तू माझं बघायचीस. एका गुरुवारी सिस्टर तुझं बीपी घ्यायला आली तर तू म्हणालीस, "माहं राहू द्या, पह्यले हिचं घ्या. दोन दिवसांपासून डोकं धरून बसून राह्यली." मी नको नको म्हणत होते. पट्टा बांधला तर माझं तुझ्यापेक्षा जास्त! त्या दिवसापासून माझी गोळी सुरू झाली, आणि तुझा रोज सकाळी फोन. "घेतली का?" एवढंच विचारायचीस आणि ठेवून द्यायचीस. स्वतः सुया टोचून घेऊन आलेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गोळीची चौकशी करते! काय म्हणावं तुला?

पण खरं भांडण आपलं पाण्यावरून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसभराचं पाणी मोजून. चहा, वरण, ताक, सगळं त्यातच धरायचं. जास्त झालं की ते बाहेर पडत नाही, अंगात साठतं, छातीत चढतं, आणि मग मशीनवर ओढताना जीव कासावीस होतो. एकदा तुझे ते हाल मी बघितले आणि ठरवलं, आता पाणी माझ्या ताब्यात. अर्ध्या लिटरची बाटली आणली, तिच्यावर नेलपॉलिशनं रेघा ओढल्या. सकाळची रेघ, दुपारची रेघ, रात्रीची रेघ. तू घरी असलीस तर भाऊजी फोनवर मला सांगायचे, कितव्या रेघेवर आहे.

जन्मभर भाजीला पाणी घालण्यात जिचा दिवस गेला, तिला बाटलीवरच्या रेघा! आणि क्षार निघून जावेत म्हणून स्वतः पिकवलेली भाजी उकळून, ते पाणी फेकून, मग खायची. तू म्हणायचीस, "हा चोथा व्हय, भाजी नाई." मला तुझं दुःख कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणून मी जास्त कडक व्हायचे.

तूही काही कमी नव्हतीस हं! चूळ भरते म्हणून जायचीस आणि अर्धी चूळ गिळायचीस. आणि त्या दिवशी जालना स्टँडवर! मी पाच मिनिटं बाथरूमला गेले, परत येते तर तू रसवंतीच्या बाकावर, हातात उसाच्या रसाचा पेला, ओठांवर फेस. मी तो पेला हिसकावून ओतून दिला. चारचौघांत ओरडले, "मरायचं असंल त मर, पण माह्या संगं येऊ नको मंग!" सगळं स्टँड बघत होतं. तू गावापर्यंत एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "घेतली का?" आणि ठेवलास.

अशी अडीच वर्षं, पमे. अडीच वर्षं मी नाही म्हणत राहिले आणि तू शिव्या देत राहिलीस आणि जगत राहिलीस.

आता तो रविवार.

उन्हाळा होता. सोमवारची गाडी सकाळी गाठायची म्हणून रविवारी तू माझ्याकडेच मुक्कामाला यायचीस, माझं घर स्टँडजवळ. गुरुवारनंतर थेट सोमवार, हे मधले दिवस तुला नेहमीच जड जायचे. तीनच्या सुमाराला रिक्षातून उतरलीस आणि उंबऱ्यातच बसलीस.

"रत्ने, घोटभर दे व."

मी तुझी बाटली हातात घेतली. रिकामी.

"सगळी संपवली?"

"हाव. लय ऊन व्हतं."

"मंग आता उद्या."

"पेलाभर नाई म्हनून राह्यली मी. घोटभर."

"पमे, पाय पाह्य तुहे. दम कसा लागून राह्यला, तो पाह्य. नाई म्हंजे नाई."

तू कोपऱ्यातल्या माठाकडे बघितलंस. मी मध्ये उभी राहिले. मग तू हसलीस. "तुह्यासारखी सासू नाई पाह्यली म्या." आणि पंख्याखाली चटईवर आडवी झालीस.

आणि मी काय केलं, सांगू? तुझ्याजवळ बसले नाही. मला माहीत होतं, बसले तर तू पुन्हा मागशील आणि मी देईन. म्हणून पाठ करून मशीनवर बसले आणि जोरजोरात पाय चालवला. घाई नव्हती कसलीच. तुझा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. तू पुन्हा मागितलंस का, पमे? मला खरंच माहीत नाही. हेच मला झोपू देत नाही.

तासाभरानं मशीन थांबवलं. तुझा चहा केला, त्या छोट्या कपात. हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग भुंगा बघायला हात धरला, तर तो थांबला होता.

डॉक्टर आले, म्हणाले झोपेतच हृदय बंद पडलं. भाऊजी आले. कुणी म्हातारी बाई म्हणाली, तोंडात पाणी घाला. भाऊजींनी पाण्याची पळी भरली. त्यांनी ती माझ्यापुढं केली. "रत्नाताई, तुम्ही घाला. तिचं पानी तुमच्याच हाती व्हतं." भाबडेपणानं म्हणाले बिचारे, त्यांना काय ठाऊक. मी घातलं. ते ओठांच्या कडेनं खाली आलं. मी पुन्हा घातलं. कुणीतरी माझा हात धरून बाजूला केलं.

वैशू आली तेव्हा तिनं विचारलं, "आई शेवटी काय म्हणाली गं, मावशी?" मी म्हटलं, "काही नाही. दमली होती, झोपली." सगळ्यांना हेच सांगितलं.

सिस्टरांचे शिवलेले ब्लाऊज द्यायला महिन्यानं जालन्याला गेले, तेव्हा एकीला मात्र विचारलं. ती म्हणाली, "मावशी, एका घोटानं काही फरक पडला नसता हो. दिला असता तरी नाही, नाही दिला तरी नाही." तिनं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. पण म्हणजे दिलं असतं तरी चाललं असतं ना! मी गाडीत बसून घरी येईपर्यंत तेवढाच विचार करत होते.

काल वैशू आली. वडिलांकडे चार दिवस राहायला आली होती, जाण्याआधी माझ्याकडे आली. उन्हातून आली होती. चपला काढता काढता म्हणाली, "मावशी, आधी पाणी दे गं." मी पेला भरला, तिच्या हातात दिला आणि मला रडू फुटलं. सगळं सांगितलं. माठापुढं उभी राहिले ते, पाठ केली ते, पाय चालवला ते.

तिनं पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता उठेल आणि जाईल. जायला हवं होतंच तिनं.

पण ती म्हणाली, "मावशी, मी असते ना, तर मला एकदाही नाही म्हणता आलं नसतं. मी तिला पहिल्याच महिन्यात पाणी पाजून मारलं असतं. तू नाही म्हणालीस म्हणून मला आई अडीच वर्षं मिळाली." मग म्हणाली, "पण त्या दिवशी द्यायला हवं होतंस."

"हो गं," मी म्हटलं. "द्यायला हवं होतं."

तिनं पेला उचलला आणि पाणी प्यायली. मग आम्ही दोघी तुझ्या चोरून चूळ गिळण्यावर हसलो, इतक्या हसलो की शेजारीण डोकावून गेली. दहा महिन्यांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. तुझ्या लेकीनं मला सोडून दिलं नाही आणि धरूनही ठेवलं नाही. तुझीच पोट्टी!

पमे, पाणी दिलं नाही याची माफी मागावी की नाही, मला अजून कळत नाही. अडीच वर्षं नाही म्हणणारी तीच मी होते. पण तुझ्याजवळ बसले नाही, त्याची मागते. तोंड वळवायला नको होतं. नाही म्हणायचंच होतं तर तुझा हात हातात घेऊन म्हणायचं होतं. मला माफ कर.

आता शेवटचं, आणि हे ऐकून तू उडी मारशील. आज सकाळी गाडीची वाट बघत उभ्या होतो. वैशू एकदम म्हणाली, "मावशी, मला तिसरा महिना आहे." मी आधी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. तर म्हणाली, "बाळंतपणाला माहेरी यायचं, पण बाबांना एकट्यांना काय जमणार? तुझ्याकडे येऊ का?" कालची रात्र मधे गेली होती बघ. सगळं ऐकून, झोपून, विचार करून तिनं हे विचारलं. मी नुसती मान हलवली. गाडी हलली तरी हलवतच होते.

सातव्या महिन्यात येईल ती. मागची खोली आजच झाडायला काढते. डिंकाचे लाडू तुझ्यासारखे मला जमत नाहीत, कडक होतात, हे आधीच सांगून ठेवते, नंतर बोलायचं नाही. पण तुला शब्द देते, तुझ्या लेकीला माहेर कमी पडू देणार नाही. ती हाक मारेल तेव्हा हातातलं काम ठेवून मी तिच्या उशाशी असेन. आणि बाळ आलं की त्याच्याशी मी आपल्याच बोलीत बोलीन. नणंदा हसोत, नाशिकवाले हसोत. त्याच्या तोंडात पहिलं 'मले' आलं की समजून घे, तुझी आठवण मी त्याच्यापर्यंत पोचवली.

तुझी,
रत्नी